शिकवण्याचे देणे

छोट्या कारखान्याच्या मालकाने नवी संगणक-प्रणाली विकत घेतली, की ती कामगारांना शिकवण्याचे बंधनही त्याने पत्करले असे मानावे काय? की शिकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न? आमच्या वाचकांपैकी काहींचे स्वतःचे गाळे आहेत आणि अनेकजण दुसऱ्याच्या गाळ्यात नोकरीला आहेत. म्हणून हा प्रश्न आम्हांला येथे मांडावासा वाटतो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधील व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. हिशेब संगणकावर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यापाठोपाठ खरेदी, साठा, उत्पादन व विक्री एका धाग्यात ओवणारी 'ईआरपी' प्रणालीही लहान कारखान्यांत शिरली.

अशा प्रणालीत एकाची चूक त्याच्यापुरती राहत नाही. स्टोअरमध्ये एकच बोल्ट दोन वेगवेगळ्या नावांनी नोंदला गेला, की पडद्यावर एका नावापुढे साठा शून्य दिसतो, खरेदीवाला नवी ऑर्डर काढतो आणि रॅकवर मात्र खोके भरलेले असते. कोणते बटण दाबावे एवढे सांगून भागत नाही. आपल्या नोंदीमुळे पलीकडच्या टेबलावर काय घडते, हे माणसाला उमगावे लागते. ते उमगायला वेळ लागतो. आणि तो वेळ कोणाच्या खिशातून जावा, येथे खरा वाद आहे.

मालकाची बाजू आम्ही हलकी मानीत नाही. शिकून तयार झालेला माणूस हजार रुपये जास्त मिळताच शेजारच्या गाळ्यात जातो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात हेच शास्त्रीय भाषेत मांडले : जे कौशल्य कोठेही चालते, त्याचा खर्च मालक सोसत नाही, तो शिकणाऱ्यावरच पडतो. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण एक रक्कम त्यात धरलेली नाही.

नवी प्रणाली रिकामी येते. कोणता माल कोणाकडून किती दिवसांत येतो, कोणत्या यंत्राला कोणता सुटा भाग बसतो, हे वीस वर्षे काम केलेल्या स्टोअरकीपरच्या डोक्यात असते. त्याला शेजारी बसवून ते उतरवून घेतले जाते. तोवर ती त्याची ठेव होती. त्यानंतर ती कारखान्याची होते, आणि त्याच्या खुर्चीवर कोणीही बसू शकतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात ज्ञान व कौशल्य ही जमिनीइतकीच महत्त्वाची मालमत्ता ठरत असल्याचे म्हटले आहे. ती घ्यायची आणि मोबदल्यात काहीच द्यायचे नाही, याला व्यवहार कसे म्हणावे? शिकवणे ही येथे मेहेरबानी नव्हे, देणे आहे. शिकलेला माणूस उद्या निघून गेला, तरी मालकाने आपले देणेच फेडलेले असते.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली संगणकाबाबत बँकांशी करार केला होता. गाळ्यातल्या स्टोअरकीपरच्या पाठीशी बहुधा संघटना नसते.

प्रणाली विकणारे दोन दिवस येतात आणि बहुतेक वेळा मालकाच्या मुलालाच शिकवून जातात! त्याऐवजी कामाच्या वेळेतलाच रोज एक तास, पगार न कापता, द्यावा. खोट्या नोंदींची एक सराव-कंपनी संगणकावर उघडून द्यावी, म्हणजे पन्नाशीचा माणूस पोरांसमोर न लाजता तेथे चुका करू शकेल. आणि मार्चअखेरच्या घाईत हे काम मुळीच काढू नये.