फेरफाराचे ऋण

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जमिनीचे दोन कागद ठाऊक असतात : सातबारा आणि फेरफार. सातबारा आजची स्थिती सांगतो. शेत कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, पेरा कशाचा, बोजा कोणाचा, एवढे त्यात कळते. ही स्थिती कशी आली ते फेरफार सांगतो. बाप वारला आणि वारस लागले, एका भावाने आपला हिस्सा विकला, सोसायटीचे कर्ज चढले आणि फिटले, हे सारे त्यात क्रमाने नोंदलेले असते. सातबाऱ्यावर नावाशेजारी जो आकडा दिसतो तो या फेरफाराचा क्रमांक होय. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव पुसून टाकीत नाहीत, त्याला कंस करतात; म्हणजे तो आता धनी नाही हेही कळते, आणि एकेकाळी होता हेही. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, 1903 साली मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. अमरावती-अकोल्याची शेते मात्र जागची हलली नाहीत. ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे माती सांगत नाही. ते कागदालाच सांगावे लागते.

हाच भेद आज संगणकाच्या क्षेत्रात नव्याने भेटतो. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि पुन्हा वाटावी अशी मोकळीक असते त्याला ओपन सोर्स म्हणतात. ते एकामागून एक आवृत्त्यांनी प्रसिद्ध होते आणि चांगल्या प्रकल्पात प्रत्येक आवृत्तीबरोबर एक नोंदपत्र असते. त्याला चेंजलॉग असे नाव आहे. आपण त्याला फेरफार म्हणायला हरकत नाही. वास्तविक, 2005 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी तयार केलेल्या गिटसारख्या साधनात प्रत्येक बारीक बदल, तो कोणी व केव्हा केला यासह, जपलेला असतोच. मग हाताने आणखी एक नोंद लिहिण्याचा खटाटोप कशाला? 2014 साली ऑलिव्हिए लाकाँ या प्रोग्रामरने या नोंदींचा एक साधा संकेत मांडला. नवे काय आले, काय बदलले, काय लवकरच जाणार, काय काढले, काय दुरुस्त झाले आणि सुरक्षेपुरते काय केले, असे सहा मथळे त्यात आहेत. त्याच्या मुळाशी एकच आग्रह आहे : ही नोंद माणसासाठी आहे, यंत्रासाठी नव्हे.

पण माणसासाठी म्हणजे कोणत्या माणसासाठी? बदल करणाऱ्यासाठी, की ज्याच्यावर तो बदल येऊन पडतो त्याच्यासाठी? माझ्या मते सारा नैतिक प्रश्न येथे आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, म्हणजे 1966 च्या कायद्याने, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते देऊन ठेवले आहे. जुनी माणसे ज्याला पटवारी म्हणत त्याने फेरफार वहीत लिहिला की काम संपत नाही. त्याची प्रत चावडीवर लावावी लागते. ज्यांचा संबंध पोचतो त्यांना लेखी कळवावे लागते. कोणी हरकत घेतली तर ती वेगळी नोंदवून ऐकावी लागते. त्यानंतरच वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कायद्याला असे म्हणायचे आहे की नोंद खरी असणे पुरेसे नाही. ज्याच्या पायाखालची जमीन सरकते त्याच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

समजा, अकोल्यातल्या एखाद्या लहान ग्रंथालयाचा हिशेब अशा फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. नवी आवृत्ती येते आणि तारीख लिहिण्याचा क्रम उलटतो. नोंदपत्रात लिहिलेले असते, ‘किरकोळ दुरुस्त्या केल्या’. लिहिणारा खोटे बोललेला नाही. त्याच्या दृष्टीने दुरुस्ती खरोखरच किरकोळ होती. परंतु इकडे वर्गणीदारांना नाहक दंड लागतो आणि ग्रंथपाल दिवसभर आपल्याच हातचे चुकले काय म्हणून शोधीत बसतो. बदलाचे मोल तो करणाऱ्याच्या श्रमावरून ठरत नाही. तो सोसणाऱ्याच्या अडचणीवरून ठरते. म्हणून फेरफार लिहिणाऱ्याला क्षणभर आपली खुर्ची सोडून त्या ग्रंथपालाच्या खुर्चीत बसावे लागते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. हे सॉफ्टवेअर लिहिणारे बहुधा फुकट लिहितात, नोकरी सांभाळून, रात्री जागून. त्यांच्या परवान्यात स्पष्ट म्हटलेले असते की वस्तू जशी आहे तशी देत आहोत, हमी कसलीही नाही. ज्याने फुकट घेतले त्याने वर हिशेब का मागावा? याचे पहिले उत्तर सोपे आहे. अन्नछत्रात जेवणाऱ्याने पदार्थांची फर्माईश करू नये हे खरे. पण पानात काय वाढले आहे हे विचारण्याचा त्याचा हक्क दानाने नाहीसा होत नाही. दाता पदार्थ देण्यास बांधलेला नाही. दिलेल्या पदार्थाविषयी खरे सांगण्यास बांधलेला आहे.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे आणि ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तेथे श्रीचक्रधरांच्या आठवणी, ज्याने त्याने पाहिल्या-ऐकल्या तशा, माणसे गाठून गोळा केल्या. ते लीळाचरित्र. मूळ पोथी पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत नष्ट झाली असे परंपरा सांगते. मग हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली आणि तिचे निरनिराळे पाठ झाले. पाठ जुळत नव्हते तेथे त्या लोकांनी काय केले? एकच गुळगुळीत मजकूर करून बाकीचे बुडवले नाहीत. दुसऱ्याची आठवण वेगळी असेल तर ती ‘वासना’ म्हणून नोंदवली. लीळा त्यांच्या मालकीच्या नव्हत्या. त्या सांभाळून पुढे द्यायच्या होत्या, आणि जो सांभाळतो त्याने हिशेबासह द्यावे, हे त्यांना उमगले होते. अनेक हातांनी घडलेले सॉफ्टवेअरही असेच कोणा एकाचे नसते. आज जो ते सांभाळतो तो धनी नव्हे, विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताला हिशेब चुकत नाही.

नोंद झाली की सत्य सुरक्षित झाले असे मात्र मानू नये. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका ओपन सोर्स साधनात चोरवाट आढळली. वर्षानुवर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहसांभाळकर्त्याच्या नावाने ती घुसवली गेली होती. वाट उघडणारी किल्ली प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. सर्वांसमोरच्या मूळ भांडारात नव्हती. सातबाऱ्यावर नाव चढले होते, पण वहीत त्याचा फेरफार नव्हता. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर प्रवेश घेताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि त्याने ते सोडून दिले नाही. भांडार उघडे होते म्हणून ताडून पाहता आले. पण ताडून पाहणारा माणूस लागलाच.

तेव्हा फेरफाराचे ऋण दुहेरी आहे. बदलणाऱ्याने सांगितले पाहिजे, समजेल अशा शब्दांत, काढलेले आणि बिघडलेले न लपवता. आणि वापरणाऱ्याने चावडीवरचा कागद वाचला पाहिजे, हरकत असेल तर ती घेतली पाहिजे, जमल्यास पुढची नोंद लिहायला हातही दिला पाहिजे. एक्सझेड बरीच वर्षे एकच माणूस, बिनमोबदला, सांभाळीत होता. ज्याच्यावर जग विसंबले त्याला एकटे सोडणाऱ्यांनी केवळ हिशेब मागावा, हे न्यायाचे नाही. नोंद वाचलीच जात नाही असे एकदा दिसले की लिहिणाराही ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढे लिहून मोकळा होतो. मग दोष दोघांचा असतो, आणि सोसतो तो अकोल्याचा ग्रंथपाल.