पावणेपाचचा गजर

माझी भाची मे महिन्यात साताऱ्याला आली ती पाठीवर एक छोटी सॅक घेऊन. किट बॅग नव्हती. गेली सहा वर्षं ती पोर मी त्या बॅगेशिवाय पाहिलेलीच नाही. लग्नाकार्यालासुद्धा गाडीच्या डिकीत बॅग असायची, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे प्रॅक्टिस.

"बॅग कुठंय गं?"

"पुण्यालाच ठेवली," एवढंच बोलली आणि हातपाय धुवायला गेली.

दादाचा फोन आधीच येऊन गेला होता. लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हार, सोळा वर्षांखालच्या गटातलं रँकिंग घसरलेलं आणि शेवटच्या मॅचनंतर गाडीत बसल्या बसल्या हिने सांगून टाकलेलं, "बाबा, मला नाही खेळायचं." दादाच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. रोज पावणेपाचला उठून त्याने तिला स्कूटरवरून कोर्टवर सोडलंय. रॅकेटचं गटिंग, बूट, फिजिओ, गावोगावची तिकिटं, या कशाचा हिशेब त्याने कधी बोलून दाखवला नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, "इतकं केल्यावर सोडायचं? तू समजाव तिला."

रात्री आम्ही गच्चीवर गाद्या टाकल्या. समोर अजिंक्यताऱ्याचा काळा आकार. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "आत्या, आमचे सर सांगतात, ससा झोपला म्हणून हरला."

"तुला झोपावंसं वाटतं?"

"रोज."

पंधरा वर्षांच्या मुलीने असं म्हणावं हे माझ्या काळजाला लागलं. समजावणं वगैरे बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ॲश्ले बार्टी माहितीय तुला?"

"तिचा स्लाइस माहितीय. सर व्हिडिओ दाखवतात."

स्लाइस सगळ्यांनाच माहीत असतो. एका हाताने, रॅकेटचं तोंड जरा उघडं ठेवून, चेंडू खालून कापायचा. पलीकडे पडला की तो उसळतच नाही, घसरत जातो. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या मुलींना गुडघ्याखाली वाकून तो उचलावा लागतो, आणि उचललेल्या चेंडूत जोर कुठून येणार? बार्टीची उंची जेमतेम साडेपाच फूट. सहा फुटी मुलींना तिने वाकायला लावलं ते याच फटक्याने. पण मला भाचीला फटक्याची गोष्ट सांगायची नव्हती.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये इप्सविच नावाचं गाव आहे. २४ एप्रिल १९९६ चा बार्टीचा जन्म तिथला. वडील नगारिगो या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या वंशातले. मुलगी घराच्या भिंतीवर तासन्‌तास चेंडू मारत बसायची. चार-पाच वर्षांची असताना आईवडिलांनी तिला ब्रिस्बेनमध्ये जिम जॉइस नावाच्या प्रशिक्षकाकडे नेलं. इतक्या लहान मुलांना ते घेत नसत, हिला घेतलं. पंधराव्या वर्षी, २०११ मध्ये, ती विम्बल्डनची मुलींची विजेती झाली.

"पंधराव्या," भाची हळूच म्हणाली.

"हो, तुझ्याएवढी. पुढचं ऐक."

पुढे ती जगभर फिरत राहिली. विमानतळ, हॉटेल, कोर्ट, पुन्हा विमानतळ. ऑस्ट्रेलियातल्या मुलीला युरोपात खेळायचं म्हणजे आज निघून उद्या परत असं जमत नाही, महिनोन्‌महिने तिकडेच राहावं लागतं. घरची ओढ असलेली, लाजाळू मुलगी ती. २०१३ मध्ये केसी डेलाक्वा या मोठ्या मैत्रिणीला घेऊन तिने दुहेरीत ऑस्ट्रेलियन ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन अशा तीन अंतिम फेऱ्या गाठल्या. तिन्ही हरली, पण वय होतं सोळा-सतरा. सगळे म्हणत होते, ही उद्याची चॅम्पियन. एकेरीत मात्र पुढच्या वर्षी नाव दोनशेच्या बाहेर गेलं आणि आतून मुलगी विझत चालली होती.

सप्टेंबर २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने रॅकेट खाली ठेवली.

टेनिसमध्ये थांबणं म्हणजे काय, ते भाचीला सांगायची गरज नव्हती, वाचणाऱ्यांना सांगते. व्यावसायिक रँकिंग बावन्न आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. मागच्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले पॉइंट या आठवड्यात गळून पडतात. तळाला भोक असलेली घागरच ती. पाणी ओतत राहिलात तर भरलेली दिसते, हात थांबला की रिकामी. दुखऱ्या खांद्याने, तापाने फणफणलेल्या अंगाने मुली स्पर्धेला उतरतात त्या या भोकाला भिऊन. बार्टी वर्षभराहून जास्त थांबली. यादीतून तिचं नावच गेलं.

"मग? लोक काय म्हणाले?"

लोक काय म्हणाले ते सोड, म्हटलं. इव्हॉन गूलागाँगने काय केलं ते ऐक. तीही ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांपैकी, विराजुरी समाजातली, बॅरेलन नावाच्या छोट्या गावातून आलेली. १९७१ मध्ये विम्बल्डन जिंकली आणि १९८० मध्ये, आई झाल्यावर, पुन्हा जिंकली. बार्टीला ती घरच्या वडीलधाऱ्या बाईसारखी. बार्टी थांबल्याचं कळल्यावर तिने लगेच निरोप धाडला, की पोरी, बरं केलंस, जा, पाण्यात गळ टाकून बस. विचार कर, परत कधी येणार, सराव चालू ठेव, असलं काहीच त्यात नव्हतं. मासे धरायला जा, एवढंच.

भाची उठून बसली. "खरंच असं लिहिलं?"

"खरंच. पुढे बार्टीनेच सांगितलंय."

आणि ती गेली मासे धरायला. घरी राहिली, आईवडिलांबरोबर जेवली. मग एक गंमतच झाली. घरच्या अंगणात खेळण्यापलीकडे क्रिकेटशी संबंध नसलेली ही मुलगी क्लबात क्रिकेट खेळायला लागली आणि २०१५ च्या डिसेंबरात महिलांच्या पहिल्यावहिल्या बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटकडून उतरली. पहिल्या सामन्यात २७ चेंडूंत ३९ धावा, त्यात एक षटकार. पुढच्या सामन्यांत मात्र फारसं काही जमलं नाही. पण मला त्या धावांपेक्षा मोठी वाटते ती डगआउट. टेनिसमध्ये मुलगी कोर्टवर एकटी असते. बाजू बदलताना खुर्चीवर बसून टॉवेलमध्ये तोंड लपवायचं, तेसुद्धा एकटीनेच. क्रिकेटमध्ये आउट होऊन आलीस तर शेजारी दहाजणी असतात, कुणी पाठीवर थाप मारते, कुणी पाण्याची बाटली पुढे करते. इतक्या वर्षांत तिला हे मिळालंच नव्हतं.

मग केसीबरोबर सहज थोडे चेंडू मारले आणि हाताला जुनी चव आठवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्थच्या एका छोट्या स्पर्धेत ती दुहेरी खेळायला उतरली. रँकिंग नाही, गर्दी नाही, बक्षिसाची रक्कम किरकोळ. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून आली होती. मार्च २०१७ मध्ये क्वालालंपूरला पहिलं एकेरीचं विजेतेपद मिळालं आणि वर्ष संपताना ती जगात सतरावी होती.

२०१९ ची फ्रेंच ओपन, उपांत्य फेरी, समोर सतरा वर्षांची अमांडा ॲनिसिमोव्हा. बार्टी पहिल्या सेटमध्ये ५-० ने पुढे होती आणि तो सेट घालवून बसली. दुसऱ्यात ०-३ ने मागे. इथे भाची म्हणाली, "संपलं," कारण हे तिच्याबाबतीत घडलंय, हातातला सेट गेला की डोकंही जातं. बार्टीचं गेलं नाही. तिने सलग सहा गेम घेतले, मॅच काढली आणि अंतिम फेरीत मार्केता वोन्द्रुशोव्हाला ६-१, ६-३ ने हरवलं. त्याच महिन्यात ती जगात पहिली झाली. गूलागाँगनंतर, म्हणजे १९७६ नंतर, हा मान मिळवणारी पहिली ऑस्ट्रेलियन स्त्री.

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, बहुतेक खेळाडू स्पर्धा सुरू झाल्याबरोबर विमानात बसले. ही अमेरिकन ओपनला गेली नाही, फ्रेंच ओपनचं विजेतेपद राखायलाही गेली नाही. घरी राहिली, घराजवळच्या क्लबची गोल्फ स्पर्धा जिंकली. थांबायला ती आता भीत नव्हती. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, गूलागाँगच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षं होत असताना तिच्या त्या वेळच्या पोशाखासारखाच झालरीचा पोशाख घालून बार्टी विम्बल्डनला उतरली आणि कॅरोलिना प्लिस्कोव्हाला तीन सेटमध्ये हरवून जिंकली.

जानेवारी २०२२, मेलबर्न. घरच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये १९७८ नंतर ऑस्ट्रेलियाचं कुणीच एकेरीत जिंकलं नव्हतं. बार्टी एकही सेट न गमावता अंतिम फेरीत आली. पहिला सेट घेतला आणि दुसऱ्यात डॅनिएल कॉलिन्सपुढे १-५ ने मागे पडली. तिथून टायब्रेकपर्यंत ओढत आणलं, ७-२ ने घेतला. एवढी शांत मुलगी, पण शेवटच्या फटक्यानंतर अशी ओरडली की स्टेडियम हादरलं. केसी कोर्टवरच होती, टीव्हीसाठी काम करत होती. तिच्या गळ्यात पडली. आणि चषक द्यायला कोण आली असेल? गूलागाँग. बार्टीला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"आणि मग?"

"मग दोन महिन्यांनी, २३ मार्चला, तिने टेनिस सोडलं. पंचविसाव्या वर्षी. पहिल्या नंबरवर असताना."

भाची माझ्याकडे बघतच राहिली. "आजारी होती?"

"नाही."

"दुखापत?"

"नाही गं. द्यायचं होतं ते देऊन झालं, असं तिला वाटलं. केसीलाच समोर बसवून सांगितलं तिने."

पहिल्यांदा सोडलं तेव्हा ती दमली होती, दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा तृप्त होती. मधल्या वर्षांत जगातल्या सगळ्या मुली तिच्या मागे धावत होत्या आणि तिला मात्र ठाऊक होतं, की ही रॅकेट आपण खाली ठेवू शकतो, एकदा ठेवून पाहिलीय, घरचं दार उघडंच होतं. १-५ वर उभ्या असलेल्या मुलीचा हात कापत नाही त्याला सरावाइतकंच हेही कारण असणार, असं मला मनापासून वाटतं. आपण मुलांना सोडू नकोस, सोडू नकोस, हे दिवसरात्र शिकवतो. सोडलंस तरी तू आमचीच, हे किती जण सांगतो?

हे मी भाचीला बोलले नाही. तिने विचारलं फक्त एकच. "आत्या, ती परत आली नसती तर?"

"तर क्रिकेट खेळली असती. नाहीतर मासे धरले असते."

"आणि तिचे बाबा?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "बाबांनी गळाला आमिष लावून दिलं असतं," म्हटलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी. कुशीवर वळली आणि दोन मिनिटांत झोपली.

पहाटे पावणेपाचला तिच्या उशाशी फोन वाजला. ती ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच, पण पाय चपला शोधायला लागले होते. मी हात लांबवून गजर बंद केला. "नीज," म्हटलं. ती तशीच आडवी झाली.

सहाला दादाचा फोन. "उठली का?"

"नाही."

तो जरा थांबला. "बाकीच्या मुली कोर्टवर पोचल्या असतील."

"पोचू देत, दादा."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "पांघरूण आहे ना तिच्या अंगावर? पहाटे गार होतं तुमच्याकडं."