पत्रादेवीच्या अलीकडे, पलीकडे

बांदा सोडून गोव्याकडे निघालं की थोड्याच वेळात पत्रादेवीचा नाका लागतो. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही ही हद्द ओलांडत असताना पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि माणसांपुरती ती हद्द पुसली गेली. परतताना दारूच्या तपासणीसाठी गाडी थांबवत, तेवढीच काय ती अडवणूक. मार्च २०२० मध्ये तीच हद्द पुन्हा उभी राहिली.

सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या भागातल्या कितीतरी घरांची चूल गोव्यातल्या पगारावर पेटते. पोरं सकाळी डबा घेऊन मोटरसायकलला टांग मारतात आणि तिथल्या कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत राबून रात्री घरी येतात. सोयरीक पलीकडची, देवही पलीकडचे. आणि दुखणं बळावलं की घरातलं वडीलधारं माणूस एवढंच म्हणतं, ‘बांबोळीक न्हेवया.’ बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. ते दुसऱ्या राज्यात आहे, हे इथल्या माणसाच्या मनातही येत नाही. ते आपलंच.

कोरोनाच्या टाळेबंदीने या माणसाला पहिल्यांदाच बजावलं की तू परराज्यातला आहेस.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्राने साथीच्या धोक्यानुसार देशातल्या जिल्ह्यांची लाल, नारिंगी, हिरवी अशी यादी काढली. तीत गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरवे होते आणि सिंधुदुर्गही हिरवा होता. तरीही नाका ओलांडायचा तर परवानगी हवी. दोन हिरव्या जिल्ह्यांमधला रस्ता बंद राहिला, कारण तो दोन सरकारांच्या हद्दीत होता. हा निकष साथीचा नव्हता, नकाशाचा होता.

नियम कडक होते, याबद्दल माझी तक्रार नाही. मार्चमधली ती भीती खरी होती. गोवा चिमुकलं राज्य, खाटा मोजक्याच. त्याने दार लावून घेतलं यात मला दुष्टपणा दिसत नाही. दोन्हीकडे सारखाच कडक नियम असता तर लोकांनी तो सोसला असता. पण इकडचा शिथिल, तिकडचा कडक. आठवडाभराने नेमकं उलट. इकडे कामावर जायला मुभा आणि तिकडे शिरायला मनाई, अशा वेळी माणसाने करायचं काय? नोकरी टिकवायची तर तिकडेच खोली घेऊन राहायचं, म्हाताऱ्या आईबापांना इकडे सोडून.

मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला. मुंबई-दिल्लीहून आठवडाभर किनाऱ्यावर येणाऱ्यासाठी ते रास्तच होतं. पण रोज जाऊन येणाऱ्याने हिशेब मांडावा: दर तीन दिवसांनी नाकात काडी, अहवालाची वाट आणि बुडालेला रोज. नियम लिहिताना डोळ्यांपुढे पर्यटक होता, डबा घेऊन निघालेला कामगार नव्हता.

केरळच्या कासरगोडला याहून मोठी किंमत मोजावी लागली. तिथली माणसं उपचारांसाठी मंगळूरला जातात. कर्नाटकने सीमेवरच्या तलपाडीची वाट अडवली, आडरस्त्यांवर मातीचे ढीग टाकले. वाट न मिळाल्याने रुग्ण दगावले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. ७ एप्रिल २०२० पर्यंत रुग्णांना सोडण्याबाबत दोन्ही राज्यांचं जमलं. जे दोन शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवायचं, त्यासाठी दिल्ली गाठावी लागली.

साथ पुन्हा येईल तेव्हा नाके पुन्हा लागतीलच. म्हणून सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आत्ताच, साथ नसताना, एकत्र बसावं. रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद आणि दोन्हीकडे चालेल असा एकच पास, एवढं कागदावर आणावं. आणि पहिलं कलम रुग्णवाहिकेचं असावं: बांबोळीला निघालेली गाडी पत्रादेवीला थांबवायची नाही.