वार्धक्य आणि व्याधी यांच्या सीमेवर

हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. काही ग्रामीण अरब आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या सेवेत आले आणि आजारपणात औषधोपचार करावा काय, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (सल्ल.) उपचार करण्यास सांगितले आणि एक गोष्ट वगळता अल्लाहने प्रत्येक आजाराचा उपाय निर्माण केला असल्याचे स्पष्ट केले. ती एक गोष्ट कोणती, या प्रश्नाचे उत्तर होते, वार्धक्य.

आपल्या प्रवचनांत या हदीसचा पूर्वार्ध वारंवार येतो. उपचार करणे अल्लाहवरील भरवशाच्या विरोधात नाही, हे सांगण्यासाठी तो पुरेसा आहे. उत्तरार्धावर मात्र आपण थांबत नाही. आणि माझ्या मते खरा नैतिक पेच तिथेच आहे. आजारावर उपाय शोधणे योग्य आणि वार्धक्याचा शांतपणे स्वीकार करणेही योग्य. परंतु समोर दिसते ते या दोहोंपैकी काय, हे कोणी व कसे ठरवावे? सूरह रूमच्या ५४ व्या आयतीत मानवी आयुष्याचा क्रम येतो: दुर्बलता, मग सामर्थ्य, मग पुन्हा दुर्बलता आणि पिकलेले केस. हा क्रम रोग नव्हे, ती निर्मात्याची योजना आहे. तिच्याशी झुंजत बसणे जितके व्यर्थ, तितकेच एखाद्या बऱ्या होऊ शकणाऱ्या व्याधीला ‘योजना’ म्हणून सोडून देणे घातक.

पुरुषाच्या देहात ही सीमा सर्वाधिक पुसट होते ती प्रोस्टेट ग्रंथीपाशी. मूत्राशयाच्या खाली असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी वय वाढेल तशी बहुतेकांमध्ये वाढते. लघवीची धार मंदावते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, नंतरही थेंब येत राहतात. यातील बरीचशी वाढ निरुपद्रवी असते. काहींच्या बाबतीत मात्र तिथे कर्करोग असतो, आणि तो सुरुवातीला पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवत नाही. घरबसल्या दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, मग ते संगमनेर असो, श्रीरामपूर असो वा एखादे आडगाव, मशिदीच्या इमामाकडे हा विषय आजार म्हणून येत नाही. तहारतचा मसला म्हणून येतो. वयस्कर नमाजी सर्वांची पांगापांग झाल्यावर जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात, थेंब थांबत नाहीत, वुजू राहते का? मसला सोपा आहे. एका नमाजची पूर्ण वेळ निघून जाईपर्यंत वुजू करून फर्ज नमाज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर हनफी न्यायशास्त्रानुसार अशी व्यक्ती माजूर ठरते. तिने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करावा आणि मन शंकेत घालू नये. शरीअतने दिलेली ही सवलत मोठी कृपा आहे. पण ती नमाजसाठी आहे, तपासणीतून सुटका म्हणून नव्हे. ‘चाचा, हे केव्हापासून आहे आणि डॉक्टरांना दाखवले का?’ हा प्रश्न मसला सांगणाऱ्याने त्याच बैठकीत विचारला पाहिजे. लाज आडवी येत असेल, तर हजरत जकरिया (अ.) यांचे स्मरण करावे. सूरह मरयमच्या आरंभी ते आपल्या रबपुढे हाडे खिळखिळी झाल्याचे आणि डोके पांढरे झाल्याचे स्वतःच निवेदन करतात. एका प्रेषिताला आपल्या वार्धक्याचे वर्णन करण्यात संकोच वाटला नाही.

येथे दोन टोकांच्या चुका घडतात. एका घरी वडील ‘बुढापा आहे’ म्हणत गप्प राहतात आणि रोग हाडांत उतरल्यावर, कंबर धरून, रुग्णालयात पोहोचतात. दुसऱ्या घरी, बहुधा मुलगा पुण्यात वा आखातात नोकरीला असलेल्या घरी, रक्तातील पीएसएचा आकडा वाढलेला दिसताच अब्बांसाठी जे जे करता येईल ते सर्व करा, असा आग्रह सुरू होतो. पहिली चूक सर्वांना कळते. दुसरी चूक प्रेमाच्या वेशात येत असल्याने ओळखू येत नाही.

तिचे माप ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासाने दिले. १९९९ ते २००९ या काळात तेथे ब्याऐंशी हजारांहून अधिक पुरुषांची रक्तचाचणी झाली. ज्यांचा कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित आढळला, अशा १,६४३ जणांना तीन गटांत विभागले गेले: एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार आणि तिसऱ्यावर केवळ बारकाईने देखरेख. १५ वर्षांनी, २०२३ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. म्हणजे कित्येकांचा कर्करोग पिकलेल्या केसांसारखा, आयुष्यभर सोबत राहून जीव न घेणारा होता. शस्त्रक्रियेची व किरणोपचारांची किंमत मात्र अनेकांनी भरली: लघवीवरील ताबा जाणे, वैवाहिक जीवनात अडथळा, आतड्यांचे त्रास. काल माजूर नसलेला माणूस आज उपचारामुळे माजूर होतो. यावरून आपल्याकडे कोणाला काहीच करू नये, असे अनुमान कोणी काढू नये. आपल्याकडील पुष्कळ रुग्ण मुळातच रोग पसरल्यानंतर येतात आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे.

‘व्यक्तिनिहाय उपचार’ या शब्दाचा अर्थ या पार्श्वभूमीवर पाहावा. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा, की प्रत्येक रोगाला औषध आहे आणि औषध रोगाला नेमके लागू पडले की अल्लाहच्या हुकुमाने माणूस बरा होतो. त्यात ‘औषध मिळाले की’ असे नाही, ‘नेमके लागू पडले की’ असे आहे. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी या शब्दांवर सविस्तर लिहिले. त्यांच्या विवेचनाचे सार असे, की औषध गुणाने वा मात्रेने रोगापेक्षा अधिक झाले तर ते माणसाला दुसऱ्या रोगात ढकलते आणि कमी पडले तर पुरे पडत नाही. इ. स. १३५० मध्ये निवर्तलेल्या या विद्वानाने ज्याला अधिक व उणे म्हटले, तोच आजच्या कर्करोगतज्ज्ञांचा पेच आहे. त्याही आधी अबू बकर राजी यांनी देवी आणि गोवर हे दोन भिन्न रोग असल्याचे ग्रंथ लिहून दाखवले. त्यांचे मोठेपण नव्या औषधात नव्हते. सारखे दिसणारे दोन वेगळे करण्यात होते.

हे वेगळे करण्याचे काम आज आपल्यापासून फार दूर चाललेले नाही. जिल्ह्यात लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे, अहिल्यानगर शहरात विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी कर्करोगाचे नाव निघाले की आपली पावले परळच्या टाटा रुग्णालयाकडे वळतात. तेथे डॉ. वेदांग मूर्ती व सहकाऱ्यांनी एक नेमका प्रश्न हाती घेतला. धोका अधिक, पण रोग लसिका ग्रंथींत पोहोचल्याचे दिसत नाही, अशा रुग्णांना किरण केवळ प्रोस्टेटला द्यावेत की संपूर्ण ओटीपोटाला? २२४ रुग्णांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी, पीएसएच्या मोजणीनुसार रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ओटीपोटाला किरण दिलेल्या गटात ९५ टक्के आणि दुसऱ्या गटात ८१ टक्के होते. लघवीचे उशिराचे त्रास पहिल्या गटात अधिक झाले, आणि एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्याच संस्थेच्या पुढाकाराने, किरणोपचाराच्या २५ बैठकांऐवजी पाच पुरतील काय, याचाही अभ्यास हाती घेण्यात आला. अकोले तालुक्यातील शेतकऱ्याला मुंबईत पाच आठवडे धर्मशाळेत काढणे आणि दीड-दोन आठवड्यांत घरी परतणे यांतील अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण अधिक विलक्षण आहे. प्रोस्टेटच्या अनेक कर्करोग-पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन असते. त्याला चिकटणारा रेणू किंचित किरणोत्सारी करून शरीरात सोडला की रोग कुठे कुठे आहे, हे चित्रात उजळून दिसते. मग तशाच रेणूवर ल्युटेशियम-१७७ बसवून औषध त्या पेशींपर्यंत पोहोचवले जाते. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते; परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे १९६३ सालचे आहे, त्याचा उपचारात वापर होतो. चित्रात जे उजळले नाही, त्यावर हे औषध वाया घालवायचे नाही. आधी पाहणे, मग देणे.

या सर्व कामातील कष्टाचा मोठा वाटा तरुण उचलतात. पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षांच्या करारावर नेमलेले मुलगे-मुली, नुकतेच पदव्युत्तर झालेले डॉक्टर. पेशी वाढवणे, नमुने उणे ऐंशी अंशांवर जपणे, शेकडो रुग्णांना वर्षानुवर्षे फोन करून पीएसए विचारणे. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली; मुंबईत त्यात संसार चालवून पाहावा. आणि पाच-सहा वर्षांनंतर हाती येते ते पुष्कळदा इतकेच, की अमुक जनुकाचा या रोगाशी संबंध आढळला नाही.

हे आयुष्य वाया गेले काय? बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसनुसार न्यायाधीशाने पूर्ण प्रयत्नाने निर्णय दिला आणि तो बरोबर ठरला तर दुहेरी पुण्य, चुकला तरी एक पुण्य आहे. हा नियम न्यायदानाविषयीचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी प्रामाणिक प्रयत्नाच्या मोलाची जी दृष्टी त्यात आहे, ती प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नाही. अट एकच, प्रयत्न पूर्ण आणि प्रामाणिक असावा. करार संपत आलेल्या तरुणाला नकोसा निकाल दडपण्याचा किंवा आकडे थोडे घासूनपुसून मांडण्याचा मोह होतो. ती खियानत आहे, कारण त्या आकड्यावर विसंबून उद्या कोणाच्या तरी वडिलांवर शस्त्र चालणार आहे. वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यास प्रेषितांनी (सल्ल.) नुकसानीस जबाबदार धरले आहे, जाणूनबुजून खोटे ज्ञान पुरवणाऱ्याची जबाबदारी त्याहून हलकी कशी असेल? (पुरुषांच्या रोगावर मुलींनी संशोधन करावे काय, असेही विचारले जाते. युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांची हदीस बुखारीत आहे, ती वाचावी.)

एक आक्षेप मला खरोखर जड वाटतो. नियतीत ढवळाढवळ होते, हा नव्हे. त्याचे उत्तर पहिल्याच हदीसमध्ये आहे. जड आक्षेप हा, की व्यक्तिनिहाय उपचार शेवटी ऐपतीनिहाय उपचार ठरतो. हार्मोन रोखून हा कर्करोग आटोक्यात ठेवता येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. आजही त्याचे दोन मार्ग आहेत: वर्षानुवर्षे महाग इंजेक्शने किंवा एकदाच अंडग्रंथी काढण्याची स्वस्त शस्त्रक्रिया. निर्धन रुग्ण दुसरा मार्ग पत्करतो आणि मग इमामाला विचारतो, खच्चीकरण तर निषिद्ध आहे ना? इच्छेने, वैराग्यासाठी ते निषिद्धच आहे. जीव वाचवण्याच्या गरजेपोटी तज्ज्ञाने सांगितलेला उपचार म्हणून ते वैध आहे, त्याने मनात अपराध ठेवू नये. त्याचा मसला सुटतो. पण शेजारच्या श्रीमंताला निवडीची मुभा होती आणि याला नव्हती, याचा जाब त्याला नव्हे, आपल्याला द्यावा लागेल.

म्हणून संशोधनात आपले रक्त, आपला नमुना, आपली माहिती असणे आवश्यक आहे. जे मोजलेच गेले नाहीत, त्यांच्यासाठी कोणते औषध लागू पडेल, हे कोणाला कळणार? शरीर अमानत आहे, म्हणून संमतीपत्र न वाचता अंगठा देऊ नये. आपल्या भाषेत समजावून मागावे. नकार देण्याचा व मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आहे, त्याने नेहमीचा उपचार थांबत नाही. आणखी एक गोष्ट घरात बोलली पाहिजे. बीआरसीए-२ या जनुकातील दोष वडिलांच्या तपासणीत सापडला, तर तो मुलीकडेही आलेला असू शकतो आणि तिच्यासाठी त्याचा अर्थ स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका असा होतो. वडिलांनी तो अहवाल कपाटात ठेवला, तर सिलारहमीचा एक मोठा हक्क त्यात कुलूपबंद होतो.

अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. तिच्याविषयी खेद व्यक्त करून झाला आहे. समाजाला आवश्यक असलेले ज्ञान कोणीतरी मिळवणे फर्जे किफाया आहे. कोणीच पुढे आले नाही तर सर्व जबाबदार. जो विद्यार्थी निसाबचा मालक नाही, त्याला जकात देता येते. ज्याला छात्रवृत्ती आहे पण पुरत नाही, त्याच्यासाठी सदका व वक्फचे दार उघडे आहे. रमजानमध्ये मदरशांची पावतीपुस्तके आपल्या गल्ल्यांत फिरतात, ती फिरावीत. त्यांच्यासोबत श्रीरामपूर वा संगमनेरच्या एखाद्या जमातीने यंदा आणखी एक पुस्तक छापून पाहावे: जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या, मुंबईतील पहिल्या तीन वर्षांच्या घरभाड्यासाठी.