मणिबेलीला चित्रकलेचे गुरुजी

चित्रकार गेला की त्याची चित्रं गोळा करतात, सिंहावलोकनी प्रदर्शन भरतं, कॅटलॉग निघतो, एखादा जाणकार त्यात दीर्घ लेख लिहितो. त्या माणसानं उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवला असेल तर दाराशी एक फलक लागतो: अमुक साल ते तमुक साल, अमक्या संस्थेत अध्यापन. शिकवण्याचं प्रदर्शन कसं भरवायचं, हे अजून कुणाला उमगलेलं नाही. चित्रकार प्र. अ. धोंडांनी ‘रापण’ लिहून जे. जे. स्कूलमधली माणसं मराठी वाचकाच्या घरात आणून बसवली. पण पुस्तक मिटल्यावर आपल्यापाशी राहतात ते त्यांचे स्वभाव आणि किस्से. मास्तरांनी एका मुलाच्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि त्यानंतर त्या मुलाला झाड निराळं दिसायला लागलं, ही गोष्ट किश्शात मावत नाही. ज्याच्या बाबतीत ती घडते त्यालाही बऱ्याचदा वर्षांनी कळते.

विष्णू चिंचाळकरांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते, कारण त्यांची बरीचशी चित्रं टिकाऊ जिनसांची नव्हतीच. वाळलेलं पान किती वर्षं टिकणार?

१९१७ साली जन्मलेले आणि २००० साली गेलेले चिंचाळकर इंदूरचे. सगळं इंदूर त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. त्यांच्या हाताखाली एक दिवसही न शिकलेली माणसंसुद्धा. माळव्यातल्या मराठी मंडळींच्या ज्या पिढीनं त्या भागाचं सांस्कृतिक जीवन घडवलं, त्या पिढीतले ते. देवासला कुमार गंधर्व, इंदुरात ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, नाटकवाले बाबा डिके आणि हे गुरुजी, असा तो गोतावळा होता. चित्रकला ते शिकले दत्तात्रय देवळालीकरांकडे, इंदूरच्या कलाशाळेत. याच शाळेतून ना. श्री. बेंद्रे निघाले, दे. ज. जोशी निघाले, हुसेनही काही काळ तिथं होते. वर्गाबाहेर पडायचं, उघड्यावर बसून उजेड बघायचा आणि तो रंगात उतरवायचा, ही शिस्त देवळालीकरांनी या मुलांना लावली. त्यांच्यावर एखादं जाडजूड मराठी पुस्तक असायला हवं होतं. बेंद्रे मुंबईला गेले आणि पुढे १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या कलाविद्याशाखेत शिकवून त्यांनी चित्रकारांची एक अख्खी पिढी उभी केली. चिंचाळकर इंदुरातच राहिले.

व्यक्तिचित्रांत आणि जलरंगांत त्यांचा हात बसलेला होता. त्यावर आयुष्य काढता आलं असतं. पण पुढे त्यांचं लक्ष गेलं ते लोक झाडून टाकतात त्या गोष्टींकडे: पानं, साली, मुळ्या, काटक्या, चिंध्या, फुटक्या वस्तूंचे तुकडे. त्यांतून त्यांनी माणसं, पक्षी, प्राणी उभे केले. त्यांची पद्धत समजून घ्यायची तर आपणच एक वाळकी मुळी हातात घेऊन बघावी. पहिल्यांदा ती मुळीच असते. उलटी धरली की दोन फाटे पायांसारखे दिसतात. आडवी केली की जिथं गाठ आहे तिथं खांदा येतो, आणि खांदा आला की मान कुठं असेल ते डोळा आपोआप शोधायला लागतो. आता मोह होतो तो चाकूनं थोडं तासायचा, रंगाचा ठिपका देऊन डोळा काढायचा. तो मोह आवरायचा. फिरवत राहायचं. वस्तूत आधीच जे आहे ते दिसेपर्यंत तिच्यावर आपलं काही लादायचं नाही, आणि दिसलं की अगदी थोडक्यात थांबायचं. हे सोपं वाटतं ते न करणाऱ्याला.

‘खुलते अक्षर खिलते अंक’ या मुलांसाठीच्या पुस्तकात त्यांनी हेच नागरी अक्षरांच्या आणि अंकांच्या बाबतीत केलं. मूल अक्षर वाचायला शिकलं की ते अक्षराकडे बघणं सोडून देतं. ‘ग’ दिसला की ‘ग’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. शाळेला तेवढंच हवं असतं. गुरुजी त्या मुलाला हात धरून मागे आणतात आणि म्हणतात, थांब, याला पाठ आहे, दांडी आहे, याचा पक्षी होतो का बघ. वाचायला शिकवणारे पुष्कळ असतात. वाचता यायला लागल्यावरही बघणं सुटू नये याची काळजी करणारा मास्तर मला तरी दुसरा आठवत नाही.

आता असा मास्तर जिथं हवा आहे ते मणिबेली, सातपुड्यातलं नर्मदाकाठचं गाव. इंदूरच्या नळांना १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं. नदीकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून ते शहरात नेलेलं आहे. म्हणजे गुरुजींच्या शहराला तहान लागली की नदी डोंगर चढून येत होती. तीच नदी खाली वाहत महाराष्ट्राच्या उत्तर कडेनं जाते आणि मणिबेलीपाशी राज्याची हद्द सोडते. विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा पहिला आणि मतदान केंद्रांच्या यादीत मणिबेली पहिलं. राज्याची मोजणी सुरू होते ती या गावापासून. सरदार सरोवराची भिंत इथून जवळ, म्हणून डूब आली तीही महाराष्ट्रात पहिल्यांदा इथंच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा हा भाग अजून धुळे जिल्ह्यात होता. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काही हटली नाहीत, घरं वर डोंगरात नेऊन राहिली. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली त्यातलं हे एक. पण १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये, असं जगभरच्या संघटनांनी जे निवेदन काढलं, त्याला नाव मणिबेलीचं दिलं. ज्या गावाला धड रस्ता नव्हता त्याचं नाव वॉशिंग्टनला पोचलं. चित्रकलेचा शिक्षक मात्र अजून इथं पोचायचा आहे.

पोचणार कसा? २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायचा, पण पटावर शंभराहून अधिक मुलं असतील तर. सातपुड्यातल्या पाड्यांवर घरं डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली. तिथं वरच्या तीन वर्गांत मिळून शंभर मुलं भरायची म्हणजे आसपासचे सगळे पाडे एका ओट्यावर आणून बसवावे लागतील. कुणी दुष्टपणे हा आकडा घातला असेल असं मी म्हणत नाही. सपाटीवर बसून कायदा लिहिला की त्यात सपाटीचे आकडे येतात, इतकंच. परिणाम असा की शहरातलं मूल चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा देतं, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकतं, दहावीला त्याचे वाढीव गुण घेतं. आणि मणिबेलीच्या मुलाच्या वाट्याला ती परीक्षाच येत नाही. अर्थात शहरातही चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येतात, हा अनुभव आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा आहे. पण निदान वेळापत्रकात तो तास लिहिलेला असे.

इथं चिंचाळकरांची आठवण काढणाऱ्याला एक सोपी वाट दिसते, आणि ती मोठी फसवी आहे. म्हणायचं की या मुलांना शिक्षक कशाला हवा? गुरुजींची सगळी सामग्री तर यांच्या अंगणात पडलेली आहे. मुळ्या आहेत, साली आहेत, पाणी उतरलं की काठावर उरणारा गाळ आहे, सांगाडे झालेली झाडं आहेत. आणि कला तर यांच्या अंगातच आहे. हे शेवटचं वाक्य खोटं नाही. याच तालुक्यात काठीची राजवाडी होळी बघितलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. उघड्या अंगावर राखेचे आणि पांढऱ्या रंगाचे ठिपके, कमरेला वाळलेल्या दुधी भोपळ्यांचा पट्टा आणि घुंगरं, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप घातलेले बुध्या रात्रभर नाचतात. कमरेवर तो भोपळा कुठं टांगला की नाचताना नेमका कसा वाजेल, आणि अंगावर ठिपक्यांची ओळ कुठं मोडायची, हे ज्याला कळतं त्याला रचना शिकवायची गरज नाही.

पण तरीही शिक्षक हवा. या मुलांना त्याची गरज नाही असं म्हणणारे सहसा स्वतःच्या मुलांना रंगपेटी घेऊन देणारे असतात. चिंचाळकरांनी कुंचला खाली ठेवला तो हातात घेऊन, त्याच्यावर ताबा मिळवून झाल्यावर. खांदा कुठं येतो हे त्यांच्या डोळ्याला कळत होतं, कारण शेकडो खांदे त्यांनी आधी रेखाटलेले होते. देवळालीकरांची शिस्त पाठीशी होती म्हणून मुळीत माणूस दिसल्यावर कुठं थांबायचं ते त्यांना समजलं. सोडून देणं ही निवड असते ती हाताशी असलेली गोष्ट सोडताना. ज्याच्याकडे कागदच आलेला नाही त्याला निसर्गाकडून शिक म्हणणं ही काटकसर झाली, आणि तिला गुरुजींचं नाव देणं हा त्यांच्यावर अन्याय. नर्मदा खोऱ्यातल्या लोकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. सरकारी शाळा कागदोपत्री भरत होत्या, म्हणून तर नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनानं गावागावांत जीवनशाळा काढल्या. त्यांनी आपल्या बोलीतून, आपल्या झाडापाल्यापासून सुरुवात केली खरी, पण तिथं थांबायचं असं कुठल्याच आईबापानं म्हटलं नाही. मुलांनी बोर्डाची परीक्षाही द्यावी, हाच आग्रह होता.

मणिबेलीहून धरणाच्या भिंतीपलीकडे, थोडं खाली, १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचं अनावरण झालं. त्याबद्दल खोऱ्यातल्या लोकांना काय वाटतं हा विषय वेगळा, आणि साधा नाही. मला इथं हवा आहे तो त्याचा शिल्पकार. राम सुतार धुळे तालुक्यातल्या गोंदूरचे, सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा. मणिबेली पूर्वी ज्या जिल्ह्यात होती त्याच जिल्ह्यातले. १९२५ साली जन्मले, जे. जे.त १९५३ साली मेयो पदक मिळवलं, अजिंठा-वेरूळच्या लेण्यांच्या डागडुजीवर काम केलं, आणि २०२५ च्या डिसेंबरात वयाची शंभरी गाठून गेले. श्रद्धांजल्यांत पुतळ्यांच्या उंच्या आल्या, पद्मभूषण आलं, महाराष्ट्र भूषण आलं. एक नाव मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलं गेलं: श्रीराम कृष्ण जोशी. सुतारांचे हे गुरू. खेड्यातल्या या मुलाचा हात त्यांनी ओळखला आणि त्याला मुंबईला, जे. जे.ला धाडलं. एवढं आपल्याला माहीत आहे, आणि एवढंच. सुतार स्वतः त्यांचं नाव कृतज्ञतेनं घेत. म्हणून ते आपल्यापर्यंत आलं, नाहीतर तेही राहिलं नसतं.

१८२ मीटरच्या कामाची नोंद होते, पण ते काम करणारा हात कुणाला आधी दिसला होता याच्या नोंदीसाठी रकाना नाही. चिंचाळकरांना निदान कुमारजींसारखे मित्र होते, इंदूरसारखं शहर होतं, त्यांच्याविषयी लिहिणारी माणसं होती. जोशींसारखे मास्तर खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात शेकड्यांनी होऊन गेले असतील: चित्रकला शिक्षकाची डीटीसी, एटीडी झालेले, अर्ध्या पगारावर, शाळेचे फलक आणि संमेलनाचे पडदे रंगवून जमेल तसं भागवणारे. २०१३ साली सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड आला, तेव्हा अशा कित्येकांना पहिल्यांदा छापील जागा मिळाली. तो खंड चाळताना जाणवतं की नोंद चित्रकाराची असली तरी दर दोन-तीन नोंदींत एक शाळा, एक ड्रॉइंग मास्तर आणि ‘त्यांच्या प्रोत्साहनामुळे’ हा शब्दप्रयोग येतोच. एका शब्दप्रयोगात एक अख्खा माणूस.

मग गुरुजींचं स्मरण कसं करायचं? इंदुरात त्यांच्या कलाकृती जपाव्यात, जितकी पानं टिकतील तितकी टिकवावीत. ते काम इंदूरकरांचं. आपल्याकडे महाराष्ट्रात करण्यासारखं काम त्या परिशिष्टातल्या शंभराच्या आकड्याचं आहे. तो शाळेमागे न मोजता शाळांच्या केंद्रामागे मोजावा. एका केंद्राखालच्या डोंगरातल्या शाळांचा पट एकत्र धरला की शंभर व्हायला वेळ लागणार नाही. त्या सगळ्या शाळांना मिळून एक चित्रकला शिक्षक, आठवड्यातले दिवस वाटून घेऊन फिरणारा. फिरणार कसा, हा प्रश्न मणिबेलीला नवा नाही. निवडणूक आली की मतदानाची यंत्रं आणि कर्मचारी पाण्यावरून येतात. नर्मदाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना येतो. त्याच पाण्यावरून कागदाचे गठ्ठे आणि रंगपेट्या येऊ शकतात, आणि त्यांच्याबरोबर एक माणूस. खानदेशात पदविका घेऊन बसलेली मुलं-मुली शोधायला लांब जावं लागणार नाही. वसावे, पाडवी, तडवी आडनावांची मिळाली तर उत्तमच, बोलीचा प्रश्न सुटेल.

या फिरत्या शिक्षकाची मंजुरी शिक्षण खात्यानं काढायची की आदिवासी विकास खात्यानं, यावर दोन-चार वर्षं जातील हे धरूनच चालावं. अर्ज म्हणून याच वर्षी गेला पाहिजे.