आपला पोरगा, त्यांचा रेडर

धान निघालं की आमच्या आसगावकडे मंडया भरतात, आणि मंडईच्या मागोमाग रात्रीचे कबड्डीचे सामने येतात. मागच्या हंगामात आमच्या मंडळाचा 17 वर्षांचा रेडर शेजारच्या मंडळाकडून उतरला. आमच्यात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : पळवला. माझ्याही.

पळवतात बैल, नाहीतर शेतातली मोटर. हा स्वतःच्या पायांनी गेला होता. तिकडे बूट मिळाले, मॅटवर सराव मिळाला. आमच्याकडे अजून मातीच. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, मी का गहाण हाव का?"

उत्तर सुचलं नाही. पहिली नोकरी सोडताना मीही बॉण्डचे पैसे भरले होते आणि वर्षभर त्याला वेठबिगारी म्हणत फिरलो होतो. काम तर मी तिथेच शिकलो होतो!

पण मंडळाचं दुखणं खोटं नाही. समोर सहा गडी असताना मागचा पाय उचलून बोनस कसा घ्यायचा, हे त्याला आमच्या एका काकांनी चार वर्षं शिकवलं. दिवसभर बांधीत राबून, फुकट. फुटबॉलमध्ये यावर तोडगा आहे. 1995 च्या बोसमन निकालाने युरोपात करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. दुसरीकडे फिफाचा नियम असा की, करार चालू असताना खेळाडू विकला गेला तर रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. म्हणजे ऋण आहे, पण ते फेडायचं नव्या क्लबाने. खेळाडूला अडवून ते वसूल करायचं नाही. मला हे पटतं. फक्त दोन बुटांच्या जोडांचे 5 टक्के काढायचे कसे?

शिवाय काकांना पैसे नकोच होते. पोरगा जातो हे त्यांना यादी लागल्यावर कळलं, ते त्यांना लागलं. त्याने आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. एवढं मात्र त्याच्याकडेच बाकी होतं, असं मला वाटतं. आणि नेमकं हेच कुठल्या नियमात बसवता येत नाही.

आमच्याविरुद्धच्या सामन्यात तो चढाईला आला. काका आमच्या बाजूला दोरीला टेकून उभे होते. तो बोनस रेषेपाशी घुटमळला आणि काका ओरडले, "पाय उचल ना बे!"

आमची पोरं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. तोवर त्याने बोनस घेतला होता.