आपलीच गाडी, आपणच चोर?



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातले दोन बंधू एका संध्याकाळी माझ्याकडे आले. (ही पापनिवेदनातली गोष्ट नव्हे. अंगणातल्या बाकावरचे बोलणे आहे, आणि दोघांना विचारूनच लिहितो आहे.) एकाने आपली जुनी गाडी दुसऱ्याला १,४०,००० रुपयांना विकली. ९०,००० रोख मिळाले, बाकी सोयाबीन विकल्यावर द्यायची ठरली. लेखी काही नाही, टीटी फॉर्मवर सह्या नाहीत. सोयाबीनचा भाव पडला, दिवाळी गेली, पैसे आले नाहीत. शेवटी विकणाऱ्याने घरात राहिलेली दुसरी किल्ली घेतली आणि रात्री गाडी परत आणली.

घेणारा म्हणतो, "फादर, ही चोरी आहे." विकणारा म्हणतो, "आरसी बुकावर नाव माझे. स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होईल?"

१९३० चा वस्तू विक्री कायदा सांगतो की मालकी केव्हा बदलते, हे दोघांच्या इराद्यावर ठरते. वेगळे काही ठरले नसेल, तर तयार असलेल्या वस्तूची मालकी करार होताच घेणाऱ्याकडे जाते, पैसे नंतर द्यायचे असले तरी. म्हणजे पन्नास हजार येणे आहेत, गाडी येणे नाही. त्या पैशांसाठी दावा लावता येतो.

पण विकणाऱ्याची भीतीही खोटी नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदणीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावरच आली. गाडी एकाच्या दारात आणि जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर! मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, ती यासाठीच.

सेमिनरीत संत थॉमस अक्विनास शिकताना मला एक मुद्दा विचित्र वाटला होता. ते म्हणतात, आपली वस्तू दुसऱ्याने अन्यायाने अडकवली असेल आणि आपण ती गुपचूप उचलून आणली, तर भरपाई द्यावी लागत नाही. तरीही ते पाप आहे, कारण आपल्याच भांडणात आपणच न्यायाधीश होऊन बसतो. इथे तर गाडी अन्यायाने अडकलेलीही नव्हती. किल्ली स्वतःच्या हाताने दिली होती.

हे ऐकून घेणारा बंधू जरा सैलावला. मग मी त्याला विचारले, तुळजापूरच्या भाड्यांतून डिझेल निघाले, टायर निघाले, दिवाळीत नवा मोबाईलही निघाला ना? (पांढऱ्या पाटीवर भाडी मारणे हा वेगळाच विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.) नसतील तर पैसे न देणे हे पाप नाही. पण असलेल्या पैशांच्या रांगेत आपल्या भावाला रोज शेवटी उभे करणे, हे घेणेच झाले, फक्त रात्रीऐवजी दिवसा. तो काही बोलला नाही.

सध्या गाडी चर्चच्या आवारात चिंचेखाली उभी आहे आणि दोन्ही किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पंधरा हजार परवा पोहोचले. टीटी फॉर्म आणायला दोघे बुधवारी एकाच मोटारसायकलवरून धाराशिवला जाणार आहेत.

आपला,
फादर